चित्रकथाकार ओसामू तेझुका

मुलाच्या हातीं चित्रांच्या गोष्टींचें पुस्तक दिसलें कीं पालकांच्या कपाळास आठी पडते. आणि तें पुस्तक भूमितीच्या वहीखालीं दडविलेलें सांपडलें तर मग विचारावयासच नको. अभ्यास टाकून चित्रें पाहत बसणें म्हणजे वेळेचा अपव्यय, असें मत पुष्कळ घरांत रूढ आहे, आणि ह्या मतांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यानें ह्याच चित्रांच्या गोष्टींस आपलें सारें आयुष्य वाहिलें. डॉक्टरीची परीक्षा उतरूनही त्यानें हाच मार्ग पत्करला, आणि लोक ज्याकडे पोरखेळ म्हणून पाहत, त्यास एका राष्ट्राच्या वाङ्मयांत मानाचें स्थान मिळवून दिलें. त्याचें नांव ओसामू तेझुका. जपानांत चित्रकथेस मांगा म्हणतात, आणि मांगाचा इतिहास सांगूं लागलें असतां ह्या नांवावांचून दोन पावलेंही पुढें जातां येत नाहीं.

ओसामूचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजीं ओसाका शहराजवळील तोयोनाका येथें झाला. ३ नोव्हेंबर हा सम्राट् मेइजी ह्यांचा जन्मदिवस. म्हणून त्या नांवांतील एक अक्षर घेऊन मुलाचें नांव ठेवण्यांत आलें. तीन भावंडांत तो वडील. तो सुमारें पांच वर्षांचा असतां हें कुटुंब ताकाराझुका ह्या गांवीं राहावयास गेलें. हें गांव उन्हाळ्यांसाठीं, म्हणजे उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठीं, आणि त्याहूनही तेथील संगीत नाटकमंडळीसाठीं प्रसिद्ध आहे. ह्या मंडळींत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करितात. ओसामूची आई त्यास हीं नाटकें दाखवावयास नेई. घरीं ती चित्रकथांचीं पुस्तकें मोठ्यानें वाचून दाखवी, आणि तेंही प्रत्येक पात्राचा आवाज निराळा काढून. वडिलांजवळ हातानें फिरविण्याचें एक लहानसें चित्रपटयंत्र होतें. त्यावर चार्ली चॅप्लिनचे मूकपट आणि वॉल्ट डिस्नेचे कार्टूनपट घरच्या घरीं पाहावयास मिळत. चित्र, नाटक आणि चित्रपट ह्या तिन्ही कलांचें बीज अशा रीतीनें घरांतच पेरलें गेलें.

शाळेंतील पहिलीं वर्षें मात्र ओसामूस सुखाचीं गेलीं नाहींत. अंगानें किरकोळ, केस कुरळे, डोळ्यांवर चष्मा. असा मुलगा वर्गांतील दांडग्या पोरांच्या तावडींतून कसा सुटणार? परंतु रडत न बसतां त्यानें वहींत चित्रांच्या गोष्टी काढण्यास आरंभ केला. त्या पाहावयास एक एक मुलगा जवळ येऊं लागला, आणि हळूहळू छळणाऱ्यांचेच सोबती झाले. त्याचा दुसरा छंद कीटकांचा. रानांत हिंडून फुलपांखरें व भुंगे गोळा करावे आणि त्यांचीं बारीकसारीक तपशिलांसह चित्रें काढावीं, असा त्याचा क्रम असे. जपानी भाषेंत एका जातीच्या भुंगेऱ्यास ओसामुशी म्हणतात. हा शब्द आपल्या नांवाशीं इतका जुळतो हें पाहून त्यास मोठा आनंद झाला. त्यानें कीटक ह्या अर्थाचें एक अक्षर आपल्या नांवास जोडलें आणि उच्चार मात्र पूर्वीचाच ठेवला. हीच पुढें त्याची जन्मभराची सही झाली.

१९४१ सालीं तो ओसाका येथील किटानो माध्यमिक शाळेंत दाखल झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जपाननें अमेरिकेशीं युद्ध पुकारलें. मुलांच्या हातीं पुस्तकांऐवजीं कारखान्यांतील हत्यारें आलीं. चित्रें काढणें हा आळशीपणा, किंबहुना राष्ट्रद्रोह, असें लष्करी शिक्षकांस वाटे. तरी ओसामू चोरून चित्रें काढीतच राहिला. ह्याच काळांत शिबिरांतील अस्वच्छतेमुळें त्याच्या दोन्ही हातांस त्वचेचा असा रोग जडला कीं हात कापावे लागतात कीं काय अशी भीति उत्पन्न झाली. एका डॉक्टरांच्या उपचारांनीं ते वांचले. चित्रकाराचे हात वैद्यानें वांचविले, हें ओसामू कधींही विसरला नाहीं. आपणही डॉक्टर व्हावें, ही इच्छा त्याच्या मनांत येथेंच उत्पन्न झाली.

१९४५ च्या एप्रिलांत, ओसाका शहर बॉम्बगोळ्यांनीं उद्ध्वस्त होत असतां, त्यानें एका जवळजवळ ओस पडलेल्या चित्रपटगृहांत मोमोतारो ह्या लोककथेंतील वीरावरचा एक कार्टूनपट पाहिला. चित्रपट आरमाराच्या प्रचारासाठीं काढलेला होता; पण त्यांतील कोमल भाव पाहून ह्या सोळा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि आयुष्यांत एक तरी कार्टूनपट आपण काढावयाचा असा त्यानें निश्चय केला. पुढें जूनमध्यें कारखान्याच्या टेहळणीच्या मनोऱ्यावर असतां तो विमानहल्ल्यांत सांपडला व थोडक्यांत बचावला. त्या दिवशीं नदीकांठीं जें पाहिलें तें त्याच्या मनावर कायमचें कोरलें गेलें. युद्धाविषयींचा तिटकारा आणि जीवमात्राविषयींची कळकळ हे त्याच्या पुढील सर्व कृतींतील दोन स्थायी भाव होत. त्यांचा उगम ह्या अग्निदिव्यांत आहे.

त्याच वर्षीं तेझुका ओसाकाच्या विद्यापीठांत वैद्यकाच्या वर्गांत दाखल झाले. युद्ध संपलें, राष्ट्र पराभूत झालें, अन्नाचा तुटवडा पडला. पण मनाजोगें चित्र काढण्यास आतां कोणाची आडकाठी उरली नव्हती. ४ जानेवारी १९४६ रोजीं मुलांच्या एका दैनिकांत त्यांची माचान ह्या लहान मुलाची चार चौकटींची चित्रकथा छापून येऊं लागली. लेखकाचें वय तेव्हां सतरा वर्षांचें होतें. पुढील वर्षीं शिचिमा साकाइ ह्या वडीलधाऱ्या चित्रकाराच्या कथानकावरून त्यांनीं ‘खजिन्याचें नवें बेट’ हें पुस्तक काढलें. त्या वेळीं ओसाकांत भडक तांबड्या वेष्टनाचीं स्वस्त पुस्तकें निघत. तीं पुस्तकांच्या दुकानांपेक्षां खेळण्यांच्या आणि खाऊच्या दुकानांतच अधिक विकलीं जात, आणि प्रतिष्ठित लोक त्यांस हातही लावीत नसत. अशा पुस्तकांच्या गर्दींतील ह्या एकाच्या सुमारें चार लाख प्रती खपल्या असें सांगतात.

एवढें त्या पुस्तकांत काय होतें? पूर्वीची चित्रकथा नाटकासारखी असे. पात्रें एका रांगेंत उभीं राहत आणि वाचक जणूं प्रेक्षकांत बसून तीं समोरून पाही. तेझुकांनीं चित्रपटाची दृष्टि कागदावर आणली. एक मुलगा मोटार हांकीत धक्क्याकडे चालला आहे, एवढाच प्रसंग; पण तो त्यांनीं अनेक चौकटींत मांडला. मोटार एकदां दुरून, एकदां जवळून, एकदां समोरून आपल्या अंगावर येत असलेली दिसते. आणि छापील चित्र स्थिर असूनही वाचकाच्या डोळ्यांपुढें धांवूं लागतें. त्या पुस्तकाच्या वाचकांतील कित्येक मुलें पुढें स्वतःच नामांकित चित्रकथाकार झालीं. त्यामागून ‘हरवलेलें जग’ (१९४८), ‘मेट्रोपोलिस’ (१९४९) व ‘येणारें जग’ (१९५१) ह्या शास्त्रीय कल्पनांच्या तीन मोठ्या कथा निघाल्या. ह्यांपैकीं कांहींचा शेवट दुःखाचा होता. मुलांच्या पुस्तकांत दुःख असूं नये हा संकेत तेझुकांनीं मोडला. कारण मुलांसही दुःख कळतें, हें युद्धानें त्यांस शिकविलें होतें.

दिवसा रुग्णालय आणि रात्रीं चित्रें अशी ओढाताण सुरू झाली. दोन डगरींवर हात ठेवून किती दिवस चालणार? शेवटीं त्यांनीं आईस विचारलें. दोहोंपैकीं अधिक प्रिय काय, एवढाच उलट प्रश्न तिनें केला. आणि चित्रकथा हें उत्तर ऐकतांच तोच मार्ग धरण्यास सांगितलें. ज्या काळांत चित्रकथा काढणें हा धड धंदाही समजला जात नसे, त्या काळांत डॉक्टर होऊं घातलेल्या मुलास असें सांगण्यास मातेला केवढें धैर्य लागलें असेल, ह्याचा विचार पालकांनींच करावा. परंतु येथें विद्यार्थ्यांनींही एक गोष्ट लक्षांत ठेवावी. तेझुकांनीं अभ्यास अर्धवट टाकला नाहीं. १९५१ सालीं त्यांनीं वैद्यकाचा अभ्यासक्रम पुरा केला, पुढील वर्षीं सरकारी परीक्षाही ते उत्तीर्ण झाले, आणि पुढें १९६१ सालीं, अत्यंत कामांत असतांही, गोगलगाईच्या शुक्रपेशींवर प्रबंध लिहून नारा येथील वैद्यकीय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

१९५० ते १९५४ ह्या काळांत ‘जंगलचा सम्राट्’ ही त्यांची कथा मासिकांतून क्रमशः निघाली. लिओ नांवाचा पांढरा सिंह जहाजावर जन्मतो, माणसांत वाढतो आणि आफ्रिकेंतील अरण्यांत परत जाऊन तेथील प्राण्यांचा पुढारी होतो. शेवटीं हिमाच्छादित पर्वतावर एका मनुष्यास थंडींतून वांचविण्यासाठीं तो आपले प्राण अर्पण करितो. १९५१ सालीं ॲटमचा जन्म झाला. एक शास्त्रज्ञ आपला मुलगा अपघातांत दगावल्यावर त्याच्याच रूपाचा यंत्रबालक घडवितो. पण हें यंत्र वाढत नाहीं असें दिसतांच त्यास सर्कशीला विकून टाकतो. दुसरा एक सहृदय शास्त्रज्ञ त्यास सोडवितो. एक लक्ष अश्वशक्तीचा हा मुलगा माणसांचें रक्षण करितो, आणि तरीही माणसें त्यास आपल्यांतला मानीत नाहींत. ह्या कथेची १९५२ पासूनची ‘पोलादी बाहूंचा ॲटम’ ही मालिका १९६८ पर्यंत चालली. पुष्कळांनीं तींत विज्ञानाचा जयजयकार पाहिला. परंतु परक्यास आपण कसें वागवितों हा तिचा खरा विषय आहे, आणि तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं ह्याचें लेखकास वाईट वाटे. १९५३ सालीं मुलींच्या मासिकांत ‘फितीचा सरदार’ ही कथा सुरू झाली. गादीवर मुलीस हक्क नाहीं म्हणून राजपुत्र म्हणून वाढविलेल्या सफायर ह्या राजकन्येची ही कथा. तींत बालपणीं पाहिलेल्या ताकाराझुकाच्या नाटकांची छाया स्पष्ट दिसते.

टोकियोंत आल्यावर तेझुका तोकिवासो नांवाच्या एका साध्या लांकडी चाळवजा इमारतींत खोली घेऊन राहिले. त्यांच्या पाठोपाठ होतकरू तरुण चित्रकार तेथें येऊं लागले. १९५४ सालीं खोली सोडतांना त्यांनीं ती फुजिको फुजिओ ह्या जोडनांवानें लिहिणाऱ्या दोघां मित्रांस दिली, आणि आपलें मेजही त्यांच्यासाठीं मागें ठेविलें. ह्याच दोघांपैकीं एकानें पुढें डोरेमॉन निर्माण केला, ज्याची ओळख आमच्या बालवाचकांस करून देण्याची गरज नाहीं. आपल्या विद्येची किल्ली आपल्याच कमरेस न लटकवितां ती दुसऱ्यांच्या हातीं देणारे कलावंत विरळा.

१९५५ च्या सुमारास मात्र जपानांत मुलांच्या वाईट पुस्तकांविरुद्ध मोठी चळवळ उठली. पालक व शिक्षक ह्यांच्या संघांनीं चित्रकथांवर टीकेचा भडिमार केला. कोठें कोठें पुस्तकांची होळीही झाली. तेझुकांच्या कथाही ह्या टीकेंतून सुटल्या नाहींत. त्यांत राष्ट्रास रेल्वेच्या व यंत्रांच्या अशक्य कल्पना शिकविल्या जातात, असाही आक्षेप होता! चित्रकथा ही मुलांच्या जेवणांतील मुख्य अन्न नसली तरी ती त्यांची हक्काची खाऊची पुडी आहे, असें तेझुका मानीत. आणि खाऊ विषारी असूं नये हा भार ते स्वतःवर घेत. टीकेस त्यांनीं दिलेलें खरें उत्तर म्हणजे त्यांचें पुढचें काम होय.

चित्रपटगृहांतील तो जुना निश्चय अद्यापि पुरा व्हावयाचा होता. १९६१ सालीं त्यांनीं कार्टूनपटांचें काम सुरू केलें, आणि लौकरच त्या संस्थेस मुशी प्रॉडक्शन, म्हणजे कीटकांची संस्था, असें नांव मिळालें. १ जानेवारी १९६३ पासून ॲटमची अर्ध्या तासाची मालिका दर आठवड्यास टेलिव्हिजनवर दिसूं लागली. जपानांत अशी ही पहिलीच मालिका. ती १९६६ अखेरपर्यंत चालली, तिचे १९३ भाग झाले, आणि अमेरिकेंतही ती दाखविली गेली. हें साधलें कसें, तें समजण्याजोगें आहे. चित्रपटाच्या पट्टींत एका सेकंदास चोवीस चौकटी असतात. उत्तम कार्टूनपटांत दर एक वा दोन चौकटींस नवें चित्र लागतें. तेझुकांच्या मंडळींनीं एक चित्र तीन चौकटींस वापरलें. पात्र बोलत असतां केवळ तोंड हलविलें, आणि एकदां काढलेलीं चित्रें जपून ठेवून पुन्हां पुन्हां उपयोगांत आणलीं. ह्या युक्तीनें एक नवा धंदा उभा राहिला. परंतु मालिका त्यांनीं खर्चाहूनही कमी किमतींत विकली, आणि त्यामुळें पुढील पिढ्यांतील कारागिरांच्या वाट्यास अपुरें वेतन आलें असा दोष त्यांच्यावर ठेवला जातो. थोर पुरुषांच्या चरित्रांतील ही बाजूही झांकून ठेवूं नये.

लाभाचा हिशेब त्यांस कधींच जमला नाहीं. १९७३ सालीं मुशी प्रॉडक्शनचें दिवाळें निघालें. त्यापूर्वीच ते तिच्या प्रमुखपदावरून दूर झाले होते, तरी कर्जाचा मोठा बोजा त्यांच्या माथीं आलाच. तशांत तरुण वाचकांची आवड बदललेली होती. त्यांस आतां अधिक वास्तव, अधिक कठोर चित्रें हवीं होतीं. तेझुकांचा काळ संपला असें उघडपणें बोललें जाऊं लागलें. वय पंचेचाळीस, संस्था बुडालेली, कीर्ति ओसरलेली. अशा वेळीं एका साप्ताहिकानें त्यांस थोडी जागा दिली, आणि त्यांनीं जवळ असलेलें धन बाहेर काढलें. तें धन म्हणजे वैद्यक. नोव्हेंबर १९७३ मध्यें ‘ब्लॅक जॅक’ ही कथा सुरू झाली. चेहऱ्यावर जखमेची शिवण, अर्धे केस पांढरे, परवाना नसलेला, श्रीमंतांकडून अवाच्या सव्वा पैसे घेणारा आणि हात मात्र अद्वितीय असलेला हा शस्त्रवैद्य प्रत्येक भागांत एका रोग्याशीं झुंजतो. मृत्यूपासून मनुष्यास कोठवर वांचवावें, जीवनाचें मोल कशानें ठरतें, हे प्रश्न येथें किशोरांपुढें सरळ मांडलेले आहेत. मालिका कमालीची लोकप्रिय झाली, आणि संपलेला समजलेला कलावंत पुन्हां अग्रभागीं आला. दोन्ही हात वांचविणाऱ्या त्या डॉक्टरांचें ऋण अशा रीतीनें फिटलें असें आम्हांस वाटतें.

आपल्या देशाशीं त्यांचा संबंध जडतो तो ‘बुद्ध’ ह्या ग्रंथामुळें. १९७२ ते १९८३ अशीं अकरा वर्षें ही कथा चालली. कपिलवस्तूच्या राजपुत्राचें चरित्र सांगतांना त्यांनीं चाप्रा हा गुलाम मुलगा आणि तत्ता हा जातिबहिष्कृत पोर अशीं पात्रें स्वतःच्या कल्पनेनें निर्माण केलीं. आणि जन्मावरून मनुष्यास नीच ठरविणाऱ्या रूढीचा दाह राजवाड्याच्या वैभवाआधींच वाचकास जाणवूं दिला. इतिहास म्हणून हा ग्रंथ वाचूं नये. परंतु दूरच्या एका बेटावरील चित्रकारानें आपल्या भूमींतील दुःख इतकें ओळखावें, हें विचार करण्याजोगें आहे. १९८३ ते १९८५ मध्यें निघालेली ‘ॲडॉल्फ’ ही कथा प्रौढांसाठीं आहे. कोबे शहरांतील दोन मित्र, एक जर्मन बापाचा आणि एक यहुदी, दोघांचेंही नांव ॲडॉल्फ. आणि तिसरा ॲडॉल्फ हिटलर. द्वेषाचें शिक्षण बालमैत्रीचा घास कसा घेतें, हें त्यांत दाखविलें आहे. ‘अग्निपक्षी’ ही तर त्यांची जन्मभराची साधना. ज्याचें रक्त प्यालें असतां अमरत्व मिळतें अशा पक्ष्यामागें मनुष्य युगानुयुगें धांवतो. ही कथा एकदां दूरच्या भूतकाळांत आणि एकदां दूरच्या भविष्यांत घडते. १९५४ मध्यें आरंभिलेली ही मालिका त्यांच्या मृत्यूपर्यंत अपुरीच राहिली.

त्यांनीं एकंदर सुमारें दीड लक्ष पानें काढलीं असें मानतात. त्रेचाळीस वर्षांच्या काळावर हा आंकडा वांटला तर दररोज नऊहून अधिक पानें पडतात. हाताखालीं साहाय्यक होते हें खरें. तरी कथा, आंखणी व मुख्य रेषा त्यांचीच असे. निरनिराळ्या मासिकांचे संपादक त्यांच्या घरीं ठाण मांडून बसत, आणि झोपेस चार तास मिळाले तरी पुष्कळ, अशी स्थिति असे.

१९८८ सालीं पोटाच्या कर्करोगानें त्यांस घेरलें. रुग्णशय्येवरही त्यांचें काम थांबलें नाहीं. आपणांस काम करूं द्यावें, अशी विनवणी ते शेवटपर्यंत करीत होते. ९ फेब्रुवारी १९८९ रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, टोकियो येथें त्यांचें देहावसान झालें. बेथोव्हेनच्या जीवनावरील कथेसह तीन मालिका अपुऱ्या राहिल्या. १९९४ सालीं ताकाराझुका येथें त्यांच्या नांवाचें संग्रहालय उघडलें. १९९७ पासून त्यांच्या नांवें चित्रकथांसाठीं पारितोषिक दिलें जाऊं लागलें. तोकिवासोची इमारत १९८२ सालींच पाडली गेली होती. तिचीही प्रतिकृति उभारून २०२० सालीं टोकियोंत संग्रहालय करण्यांत आलें. ज्या पुस्तकांची एके काळीं होळी झाली, तींच आतां कांचेच्या कपाटांत जपून ठेवलीं आहेत.

ह्या चरित्रापासून आम्ही काय घ्यावें? चित्रें काढणारा प्रत्येक मुलगा तेझुका होत नाहीं, हें उघड आहे. परंतु भूमितीच्या वहीखालीं काय दडविलें आहे तें रागावण्यापूर्वीं एकदां पाहण्यास पालकांस हरकत नसावी. आणि मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, ह्या पुरुषानें भुंग्यांचे पाय मोजले, शरीराच्या शिरा अभ्यासिल्या, परीक्षा दिल्या, आणि त्या साऱ्या विद्येनेंच संकटकाळीं त्याच्या कलेस हात दिला. छंद आणि अभ्यास हे एकमेकांचे शत्रु नव्हेत. दोघांनाही सारखेच कष्ट लागतात, आणि ते कष्ट करण्याची ज्याची तयारी आहे त्यास दोन्हींपैकीं एकही वायां जात नाहीं.